जात्यांवर उभं राहिलेलं शेड

साकोलीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली, तेव्हा तिच्या पायाशी पोत्यात जात्याची खालची दगडी तळी होती. कंडक्टर वैतागला. "मावशी, गाडीत हे जातं कायले घेऊन चालल्या?"

"शेड बांधून राहिली, बाबू!" तिने साऱ्या गाडीला ऐकवलं.

धानाची पोती ठेवायचं तिचं टिनाचं शेड वादळात उडून शेजाऱ्याच्या बांधीत, त्याच्या धानाच्या खाचरात पडलं होतं, आणि शेजारी पोट धरून हसला होता. म्हणून यंदा उधई, म्हणजे वाळवी, खाईल असे लाकडी खांब नाहीत, लोखंडी पाईप. पत्रेही जाड. नातेवाइकांकडे पडून असलेली जाती ती गोळा करत होती. प्रत्येक खांबाशी एक तळी खोल पुरायची, तिच्या भोकातून तार ओवून खांबाला आवळायची.

"आता उडन, तं जमीन घेऊन उडन!" तिने मांडीवर थाप मारली.

पुढे पुन्हा वादळ झालं. सकाळी रस्त्यात पडलेल्या झाडामुळे आमची गाडी नेमकी तिच्या शेतापाशी थांबली. शेड जागच्या जागी होतं. तोच शेजारी आपली भिजकी पोती त्यात आणून ठेवत होता आणि ती कमरेवर हात ठेवून जागा दाखवत होती.

कंडक्टरने दारातून हाक मारली, "मावशी, आमच्या घरी बी एक जातं पडलं हाय!"

"आन!" ती ओरडली. "शेड वाढवाचं हाय!"