सवतीचा गिअरबॉक्स

शिंपीणबाईंना सवत होती. पांढरी, साडेतीन टनांची, पोटात ओटा, पलंग आणि मोरी असलेली. फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने ही जुनी मोटारहोम घेतली आणि तेव्हापासून बाईंच्या गुडघ्यांची कुरकुर त्याच्या कानावर पडेनाशी झाली. सवतीने मात्र नुसता उसासा टाकला तरी स्वारी सतरंजी घेऊन तिच्याखाली आडवी.

आता लेकीचे दिवस भरत आले होते. ती राहायची चढाच्या माथ्यावर. बाळाची अंगडी तिथेच शिवायची म्हणून बाईंनी शिलाई मशीन सोबत घेतले होते. अर्ध्या चढावर सवतीने रंग दाखवले. इंजिन नुसतेच कोकलू लागले, गाडी पुढे सरकेना आणि करपल्याचा वास सुटला.

फिटरने हळूहळू मागे येत रस्त्याकडेच्या एका टायरवाल्याच्या दुकानापुढे सपाट जागेवर गाडी घेतली. इंजिन चालू ठेवून गिअरचे तेल पट्टीवर पाहिले, बोटाला लावून हुंगले.

“तेल पुरेसं आहे, पण करपलंय. तापलीय बिचारी,” तो बॉनेटवर हात फिरवत म्हणाला.

“मी तापले तेव्हा नाही कधी असा हात फिरला!”

“अगं, निवू दे तिला. मग खालच्या गिअरमध्ये सावकाश नेऊ. फक्त ओझं कमी करायला हवं. तुझं मशीन इथे ठेवू या, मागाहून नेता येईल.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “माझंच बरं ओझं दिसलं! तुमचं काय भरलंय बघू,” म्हणत त्यांनी आत जाऊन पलंगाची फळी उचलली. खाली त्यांच्याच जुन्या साडीत एक लोखंडी धूड गुंडाळलेले होते.

“हे काय?”

“तिचा पहिला गिअरबॉक्स. मेलेला,” फिटर पुटपुटला. “भंगारात घालवेना.”

“आणि माझी साडी? थंडी वाजत होती का मेल्याला?”

टायरवाला तोंड फिरवून हसला.

“मशीन उतरलं तर मीही उतरते,” बाई म्हणाल्या. “बसने जाईन लेकीकडे. तुम्ही दोघं या सावकाश.”

फिटरने एकदा चढाकडे पाहिले, एकदा बायकोकडे. मग टायरवाल्याला हाताशी घेऊन त्याने ते धूड खाली उतरवले. साडी झटकून बाईंनी तिची घडी घातली.

निवल्यावर गाडी चढू लागली. पहिल्याच वळणावर त्याची नजर आरशात गेली.

“पुढे बघा,” बाई म्हणाल्या.

माथा आला, इंजिन शांत झाले. शाबासकी द्यायला नवऱ्याचा हात सवयीने डॅशबोर्डकडे निघाला. बाईंनी तो वाटेतच धरला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.