हलकी केलेली रायफल

आमची रायफल मुळात फार जड नव्हतीच. तीनशे पंधरा बोअरची, बोल्ट ॲक्शन. बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, की गोळी नळीत. खांब गावाजवळच्या आमच्या शेतात भातानंतर वाल होतात आणि वालामागोमाग रानडुकरं येतात, म्हणून बाबांनी ऐन उमेदीत पीक संरक्षणाचा परवाना काढला होता. डुक्कर त्यांनी एकही मारलं नाही. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि सरकारी कचेरीची पायरी चढायचा त्यांना मनापासून कंटाळा. ते बांधावर उभे राहून आभाळाकडे एक बार काढायचे. कळप पांगायचा आणि बाबा छाती काढून घरी यायचे.

पुढे त्यांनी सत्तरी ओलांडली, हाताला कंप सुटला, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परवाना मुलांपैकी कुणाच्या तरी नावावर करायचं ठरलं. मुंबईचा भाऊ म्हणाला, "फ्लॅटमध्ये बंदूक ठेवू कुठं, चपलांच्या कपाटात?" मग राहिले मी. मी रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट करते आणि राहते घरीच. बाबा म्हणाले, "कागदावर तुजा नाव. बाकी हाय तसाच." मी मान डोलावली, आणि त्या वेळी ती खरीच डोलावली होती.

परवान्यासाठी नेमबाजीचं प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि तिथं माझं बिनसलं. मला ती रायफल आवडली. लॅबमध्ये मी दिवसभर नळ्यांमध्ये थेंब मोजते, घरी आले की आईचे सांधे आणि बाबांची औषधं. त्या रेंजवर पोटावर पडून श्वास धरला की जगात फक्त मी आणि समोरचा काळा ठिपका. चाळिशीत पहिल्यांदा एखादी गोष्ट मला आपली, माझी एकटीची वाटत होती. पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बाबांच्या हाताच्या लांबीचा. गाल पोहोचवताना माझी मान ताणायची आणि बार उडाला की धक्का खांद्याच्या हाडावर बसायचा. ती माझ्या मापाची करून घ्यायची असं मी ठरवूनच टाकलं.

हे बाबांना सरळ सांगता आलं असतं. मी काय सांगितलं, तर "बाबा, तुमचा खांदा दुखतो ना? पेणला नेऊन हलकी करून आणते. तुम्हाला धरायला बरी पडेल." त्यांचा चेहरा असा खुलला की आई आतून बघायला आली. त्यांनी स्वतः बसून नळीला तेल दिलं, दस्ता फडक्यानं पुसला आणि लेकीची पाठवणी करावी तशी रायफल कव्हरमध्ये घातली. मला तेव्हाच थांबता आलं असतं. मी स्कूटरची किल्ली शोधत होते.

पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक परवानाधारक कारागीर आहे. त्यानं विचारलं, "चालवणार कोण?" मी पापणीही न लवता म्हटलं, "मीच." त्यानं माझं कोपर वाकवायला लावून कोपरापासून बोटापर्यंत टेप धरली आणि दस्त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. नळीला हात लावायचा नाही, तो कायदाच आहे. वजन उतरवायचं ते लाकडातून. त्यानं दस्ता आतून कोरला, मागून चांगला दीडेक इंच कापला, तिथं रबराची गादी बसवली, कातडी पट्टा काढून नायलॉनचा लावला, बोल्टची मूठ जरा मोठी केली. रायफल हातात घेतली आणि मला हसूच फुटलं, इतकी ती अलगद खांद्याला येऊन बसली. वडखळला चहा प्यायला थांबले तरी ती पाठीवरून उतरवली नाही.

घरी बाबा अंगणात वाट बघत होते. रिकामी आहे याची खात्री करून मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी खांद्याला लावली. अंगठा नाकाला लागला, चष्मा वर सरकला. त्यांनी कोपर आत घेऊन बघितलं, मान मागे नेऊन बघितली. मग खाली घेतली आणि म्हणाले, "हलकी झाली गो. बेस झाली." मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्या वाक्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले. माणसाला सोयीचं असलं की त्याला ऐकूही सोयीचंच येतं, त्यातली मी.

त्या हंगामात वालात डुकरं आली तेव्हा बाबा म्हणाले, "तूच जा. माजं गुडघं धरलंत." मी गेले. बार काढला, छाती काढून परत आले. गुडघे धरलेला माणूस सकाळी बाजारात चालत कसा जातो, हे काही मी विचारलं नाही.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करावी लागतात. इतकी वर्षं बाबाच करत आले होते, म्हणून तेही स्कूटरवर मागे बसून आले. तिथले हवालदार त्यांना ओळखणारे. पावती लिहिता लिहिता सहज म्हणाले, "काका, कागदावर ताईंचं नाव. पण बंदूक अजून तुमचीच ना?"

"नाय," बाबा म्हणाले. "लेकीची हाय. तिच्या मापानं केलीय. माज्या खांद्याला नाय बसत."

आवाजात राग नव्हता. भाताचा भाव सांगावा तसं सांगितलं. हवालदारांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि मी टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत बसले. मला तिथल्या तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. माझे कान तेवढे तापले.

परतताना आम्ही हायवेला लागलो. मी शब्द जुळवत होते. शेवटी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"ठाव हाय," मागून आवाज आला. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "कापलेला तुकडा कुठं हाय?"

"कसला?"

"दस्त्याचा. खांद्याला लागून लागून गुळगुळीत झाल्याला."

तो मी पेणलाच टाकून आले होते. आणावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "तिथंच राहिला," मी म्हटलं.

"आणायचा व्हतास," बाबा म्हणाले. घर येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. स्कूटरवर ते नेहमीच तसे धरून बसतात.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाण्याआधी मी पेणच्या कारागिराला फोन लावला. तो हसला. "ताई, तो कधीच भुशाबरोबर बंबात गेला." मग त्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, "तुम्हाला पाहिजेच असेल तर जुन्या लाकडाचा हुबेहूब करून देतो. घासून, तेल पाजून. कुणाच्या बापाला कळायचा नाय."

'नको' म्हणायला मला फार वेळ लागला.