आठ दिवसांची हवा

सोलापुरात होटगी रोडला महिबूबचाचांचं ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान आहे. त्याच्यापुढं एक लाकडी बाकडं आहे. त्या बाकड्यावर पंधरा मिनिटं बसलं की एक किस्सा पदरात पडतो. मी आणि श्रीनिवास दोन वर्षं दर रविवारी तिथं बसतोय, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. श्रीनिवासचे पॉवरलूम आहेत, मी शाळेत मास्तर. दोघांनाही पोट सुटलं म्हणून सायकली घेतल्या. त्याची साधी, माझी फॅट बाइक, मोटारसायकलला लाजवतील असल्या जाड चाकांची.

*

पहिल्याच रविवारी वळसंगला निघालो. रस्ता सोडून शेताच्या बांधानं सायकल घातली, कारण जाहिरातीत तसंच दाखवतात. बांधावर बाभळी होत्या. दोन्ही चाकं बसली. मागच्या ट्यूबमधून सात काटे निघाले.

शेळ्या राखणारे एक म्हातारबा सगळं बघत उभे होते. त्यांनी आपला पाय वर करून चप्पल दाखवली. तळाला ट्रकच्या टायरचा तुकडा होता.

"पाव्हणं, आमच्या पायात बी टायरच हाय. पर त्यात हवा न्हाय की."

मी सायकल ढकलत घरी आलो.

*

मग ट्यूबलेस करायचं ठरलं. आत ट्यूब नाही, नुसतं एक पांढरं औषध ओतायचं. काटा लागला की ते भोकात जाऊन घट्ट होतं आणि हवा थांबते. सोलापुरात दोन दुकानांत विचारलं, दोघांनी पुण्याचा रस्ता दाखवला.

म्हटलं, व्हिडिओ बघून घरीच करू. औषध ओतलं, श्रीनिवासनं हातपंपानं हवा मारली. तो घामाघूम झाला तरी टायरची कड रिमला चिकटेना. चिकटली असं वाटलं आणि दुसऱ्या बाजूनं सगळं औषध उडालं. भिंत, तुळस, श्रीनिवासचा चष्मा, काही सुटलं नाही.

बायको माळशिरसची. दारात उभी राहून तिनं शांतपणे सगळं बघितलं.

"आमच्याकडं म्हैस लाथ मारती तवाच येवढं सांडतंय. तुमी तर दोघं व्हता."

*

असे आम्ही चाचांकडं पोचलो. चाचा सत्तरीचे. त्यांनी सायकलीकडं बघितलंच नाही. खाली बसले, चाकावर एक हात फिरवला आणि म्हणाले, "ये म्हैस किसकी?"

मला वाटलं, गिऱ्हाइकाकडं न बघायची त्यांची ऐट असेल. तेवढ्यात एक ट्रॅक्टर येऊन थांबला. चाचांनी मान न वळवता ड्रायव्हरला सांगितलं की तुझ्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. मीटर लावला, खरंच कमी होती.

"चाचा, न बघता कसं कळलं?" मी विचारलं.

"देखके कळता तो बोर्ड नै पढता क्या मैं?"

बोर्ड त्यांच्या डोक्यावरच होता. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. काचबिंदूनं एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळायचा.  

*

माझं चाक त्यांनी कसं केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आधी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब मागवली. मी हळूच म्हटलं, ट्यूब नको म्हणून तर आलोय. चाचा हसले. ती ट्यूब मधोमध उभी चिरली आणि रिमवर अस्तरासारखी पसरली. वर टायर बसवला, औषध ओतलं. मग बैलाचा कासरा टायरभोवती गुंडाळला आणि पहार अडकवून पीळ दिला. टायर मधे दबला, कडा बाहेर सरकल्या. कॉम्प्रेसरची नळी लावली.

टप्प. टप्प. दोन आवाज आले आणि दोन्ही कडा बसल्या. श्रीनिवासच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं, त्याचा अर्थ त्यानं अजून सांगितलेला नाही.

शेवटी व्हॉल्व्हची पिन चाचांनी स्वतः आवळली. ती ते दुसऱ्या कुणाला आवळू देत नाहीत. पिनेवर थुंकीचं बोट लावायचं, कान जवळ न्यायचा, बुडबुड्याचा आवाज नसेल तरच टोपी बसवायची. प्रत्येक चाकाला हा रिवाज, मग ते ट्रॅक्टरचं असो की माझ्या म्हशीचं.

*

त्याच दिवशी त्यांचा मुलगा सलीम आला. सलीमचं शहरात मोबाइलचं दुकान आहे. अब्बांनी टायरचं दुकान बंद करून घरी बसावं म्हणून तो वर्षभर मागं लागला होता. दुष्टपणानं नव्हे. घर रस्त्याच्या पलीकडं, आणि चाचा एकटे रस्ता ओलांडायचे.

"ट्रकचा आवाज कळतो म्हणतात," सलीम आम्हाला म्हणाला. "पण परवा बॅटरीची रिक्षा आली. तिला आवाजच नसतो, सर. हातभर अंतरावरून गेली."

 चाचांनी ते ऐकलं. माझ्या चाकावर थाप मारली.

"ये आठ दिन इधरीच रहेगा. हवा टिकी तो दुकान चालू. उतरी तो चाबी तेरी. मास्तर गवाह."

सलीम हो म्हणाला. तो आठवडा शाळेत मी काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक.

*

रविवारी आम्ही गेलो तेव्हा मागच्या चाकातली हवा पूर्ण उतरलेली. सलीम बाकड्यापाशी खाली मान घालून उभा होता. श्रीनिवास माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना.

चाचा खाली बसले. टायरवरून सगळीकडं हात फिरवला. कासऱ्याच्या खुणा, दोन्ही कडा, एक जागा सोडली नाही. मग टोपी काढून पिनेला बोट लावलं आणि ते तसंच ठेवलं.

"आधा फेरा ढिली है," ते म्हणाले. "अपने आप नै होती."

सलीमची मान आणखी खाली गेली. चाचांनी पिन आवळली, हवा भरली, थुंकीचं बोट लावलं, कान नेला, टोपी बसवली. मग खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि सलीम उभा होता बरोबर त्या दिशेला हात पुढं केला.

"हवा उतरी. जबान दी थी मैं."

सलीमनं किल्ली घेतली. त्याचे डोळे भरले होते. त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि अब्बांना घेऊन गेला. हवा भरलेली असूनही आम्ही सायकली ढकलतच घरी आलो. 

सोमवारी शाळेत जाताना मुद्दाम तिकडून गेलो. शटर उघडं होतं, किल्ली कुलपालाच लटकत होती. रस्त्याच्या पलीकडं सलीम चाचांचा हात धरून उभा होता. एक बॅटरीची रिक्षा जाऊ दिली आणि मग दोघं रस्ता ओलांडून दुकानाकडं आले.