वाचलेली बाग

आमच्या इमारतीतली पोरं त्यांना ड्रायव्हरआजोबा म्हणायची, आणि ते नाव इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्यांचा पत्ता त्याच नावानं विचारायचा. गृहस्थांनी जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांच्या किंवा अध्यात्माच्या नादी लागतात. यांनी माती धरली. मूळ बसमध्येच होतं. रोज संध्याकाळी बस झाडताना सीटखालून चिप्सची पाकिटं निघायची ढीगभर. आणि अधूनमधून एकच चावा घेऊन टाकलेलं सफरचंद. ब्रेक मारला की ते गडगडत पुढं यायचं आणि पायाशी थांबायचं, तक्रार घेऊन आल्यासारखं, असं ते सांगत.

पण खरं दुखणं घरातलं होतं. त्यांची नात. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी म्हणून सांगितलेलं, आणि ही बया पाकिटातल्या नूडल्सपलीकडं कशाला तोंड लावायची नाही. तिची आई, म्हणजे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी आजोबांची मुलगी, दवाखान्याच्या खिडकीत बसून जगाच्या आजाऱ्यांचे कागद करायची. घरी येऊन लेकीशी भांडायचं त्राण तिच्यात उरत नसे. ताटात पालेभाजी वाढली की नात त्या भाजीकडं असं बघायची, जसं काही परक्या बाईला आपल्या खोलीत मुक्कामाला आणलंय.

म्हणून आजोबांनी सोसायटीकडून जनरेटरच्या खोलीमागचा जमिनीचा तुकडा मागून घेतला. तिथं फुटक्या फरश्या आणि एक निवृत्त कमोड पडून होता, त्यामुळं कुणी हरकत घेतली नाही. शाळकरी, कॉलेजातली, जी आली त्या पोरांना एकेक वाफा दिला. भाषा मात्र बसचीच राहिली. काकडीच्या वेलाला म्हणायचे, "डावीकडं घे, जागा आहे." टोमॅटोची रोपं दाटीनं लावली की, उभ्यानं प्रवास चालणार नाही. आणि नियम एकच: तोडायचं, नळाखाली धुवायचं, तिथंच खायचं. घरी न्यायचं नाही. घरी नेलं की त्याची भाजी होते, आणि भाजी झाली की भांडण होतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

नात सुरुवातीला बादली पालथी घालून नुसती मोबाइल बघत बसायची. एका दुपारी तिनं मोबाइलवरची नजर न काढता शेजारची काकडी तोडली, जीन्सला पुसली आणि खाल्ली. धुवायचा नियम तिथंच मोडला, पण आजोबा पाठ फिरवून पाण्याच्या पाइपाशी उगाच खटपट करत राहिले. संध्याकाळपर्यंत ही बातमी वॉचमनपर्यंत पोचली होती. पुढं ती शाळेतून थेट बागेतच यायला लागली, मैत्रिणींना घेऊन, खिशात मिठाची पुडी बाळगून.

आणि सगळं सुरळीत चाललेलं बघवत नाही अशी माणसं प्रत्येक इमारतीत असतात, तशी आमच्याकडं नव्यानं दोन-दोन गाड्या घेतलेली मंडळी निघाली. बाग काढा, पार्किंग करा. सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. न दुखवता उपटायची त्यांना सवय. त्यांनी तोड काढली. शहरात बागांची स्पर्धा होती. ढाल मिळाली की पार्किंगचं नाव काढायची कुणाची छाती होणार नाही. फक्त परीक्षक येईपर्यंत बाग भरलेली दिसली पाहिजे. काही तोडायचं नाही.

आजोबांनी सांगून बघितलं की काकडी वेळेवर तोडावी लागते, नाहीतर वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि तो फुलायचाच थांबतो. अध्यक्ष म्हणाले, "काका, आठवड्याचा तर प्रश्न आहे. जागा हवी की काकडी?" आजोबांनी जागा निवडली. 'तोडू नये' ही पाटी त्यांनी स्वतःच रंगवली, अक्षर काढलं बसच्या मागं असतं तसं, ठसठशीत.

परीक्षकांनी तारीख पुढं ढकलली. मग परत ढकलली. काकड्या उशीसारख्या फुगून पिवळ्या पडल्या, घेवड्याला दोरखंडाची योग्यता आली. अशात एका दुपारी नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि उरल्यासुरल्या एका कोवळ्या काकडीला हात घातला. आजोबांनी तिचं मनगट धरलं. मैत्रिणींदेखत. चालत्या बसमध्ये उभं राहणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "हात खाली."

ती आधी हसली. मग तिला कळलं की थट्टा नाही.

"आजोबा, भूक लागलीय मला. मग मी काय खाऊ?"

हा प्रश्न त्या तोंडून ऐकायला म्हातारा किती वर्षं थांबला होता.

"घरी जा," ते म्हणाले, "आणि खा काहीतरी."

तिनं खाल्लं काहीतरी. काय ते सांगायला नको.

परीक्षक आले, बाग बघून खूश झाले. हे सगळं खातं कोण, असं एकानं विचारलं, तर अध्यक्षांनी कौतुकानं सांगितलं, आमची मुलं. फोटोसाठी मुलं गोळा करावी लागली. नात आली नाही. फोटो झाल्यावर सगळ्यांना खाऊ वाटला, चिप्सची पाकिटं. मुलं पांगल्यावर वाफ्यांमधून ती पाकिटं आजोबांनी वेचली. सवयीचंच काम होतं.

त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून त्यांनी ती कोवळी काकडी, आता ती कसली कोवळी, पिशवीत घालून मुलीच्या घरी नेली. नातीच्या खोलीचं दार बंद होतं. मुलगी म्हणाली, "ठेवा बाबा ओट्यावर. देते तिला."

बागेच्या खतासाठी इमारतीतला ओला कचरा एका पिंपात जमा होतो. परवा आजोबा ते उपसत होते आणि मी गॅलरीतून बघत होतो. मधेच ते थांबले. हातात तीच काकडी होती, अख्खी. निदान चावा तरी घेतलेला असावा म्हणून त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली. मग खुरप्यानं तिचे तुकडे केले आणि खड्ड्यात टाकून वर माती ओढली.

जागेला आता कुणी हात लावत नाही. ढाल दातांच्या दवाखान्यात आहे. 'तोडू नये' ही पाटी आजोबांनी केव्हाच काढली, पण तोडायला कुणी येत नाही.