कार्डाचं तापमान ठीक होतं

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. जी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता येत नाही तिच्यावर वेळ घालवायचा नाही, ही आमच्या धंद्यातली सवय. भुताखेतांच्या, भासांच्या बाबतीतही माझं तेच होतं. असे अनुभव मी आवडीने वाचायचो, पण वाचून झालं की विसरायचो. माझ्यावर कधी लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. जे घडलं ते घडलं तसं सांगतो... वाढवून काही सांगत नाही.

आम्ही मूळ अंबाजोगाईकडचे. नोकरीमुळे मारुंजीत भाड्याने राहतो. गावठाण संपून नव्या इमारती सुरू होतात तिथे, तिसऱ्या मजल्यावर. वडिलांना – त्यांना आम्ही अण्णा म्हणतो – लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आलो. मागची बेडरूम त्यांना दिली. माझा गेमिंगचा कॉम्प्युटरही त्याच खोलीत होता, कारण दुसरीकडे टेबल मावत नव्हतं. शिवाय त्यांच्यावर नजर राहायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या पलंगावर हवेची गादी होती, छोट्या पंपावर चालणारी. तो पंप, कूलर आणि माझा कॉम्प्युटर – तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. बोर्ड पलंगाच्या मागे, भिंतीला लागून. या घरात राहायला आलो तेव्हापासून तिथेच होता.

आता संतोषबद्दल सांगायला हवं. संतोष चाकणकडच्या जुन्या शेतकरी घरातला. तिथल्याच एका कंपनीत भट्टीवर ऑपरेटर होता. लोखंडी पार्ट भट्टीत तापवून कडक करायचं काम. आमची ओळख ऑनलाइन गेम खेळताना झाली. महिनाभर नुसता आवाज ओळखीचा होता, मग कळलं की हा तर इथलाच! त्याची सुट्टी गुरुवारी असायची. त्या दिवशी माझं काम घरून असलं की तो यायचा, शेतातली मेथी नाहीतर वांगी घेऊन. अण्णांजवळ बसायचा. अण्णांचं बोलणं आजाराने जड झालं होतं, पण त्याला ते बरोबर समजायचं. अण्णा त्याला 'चाकणवाला' म्हणायचे.

ते मे महिन्याचे दिवस होते. माझी बायको वैशाली बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. घरी मी आणि अण्णा, दोघंच. रविवारी मला हौस आली ती ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्याची – म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्ड थोडं जास्त पळवायचं. मी यात अडाणी नाही. वेग वाढवला की वीज जास्त ओढली जाते आणि कार्ड तापतं, म्हणून हे काम सबुरीने करायचं असतं. सकाळी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून धूळ काढली. पंखे कधी किती जोरात फिरायचे ते ठरवून दिलं. मग वेग थोडा थोडा वाढवत गेलो, दर वेळी टेस्ट लावून बघत. स्क्रीनवर ठिपके दिसले की एक पायरी मागे. शेवटी वीज ओढायची मर्यादाही वाढवली आणि सगळ्यात जड टेस्ट लावली, ज्यात कार्ड न थांबता पूर्ण ताकदीने चालतं.

आकडे बघून खरंच समाधान वाटलं. बाहेर एवढं ऊन असूनही कार्ड सत्तर अंशांच्या आसपास. आतला सर्वांत गरम भाग, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, तोही आवाक्यात. अण्णा जेवून झोपले होते. त्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि केमिस्ट दुपारी दुकान बंद करतो. टेस्ट चालू ठेवून पटकन जाऊन येऊ, असा विचार केला. चपला घातल्या, किल्ली घेतली, दाराची कडी काढली...

आणि मला संतोषचा आवाज आला.

"अमोल."

बेडरूममधून आला. बारीक, हेडसेट टेबलावर पडलेला असताना त्यातून कुणी बोललं की येतो तसा. मला वाटलं, गप्पांचं ॲप चालू राहिलंय आणि हा ऑनलाइन आलाय. मी चपलांसकट आत गेलो, हेडसेट कानाला लावला.

"बोल रे."

"जाऊ नको," तो म्हणाला. "वास येतोय."

"कसला वास?"

"वायर जळतीय. बोर्डाचं बटण बंद कर. आधी बटण बंद कर, मग बघ."

तो घाबरलेला नव्हता. जरा घाईत असल्यासारखा, पण शांत. मला कसलाच वास येत नव्हता. स्क्रीनवर सगळे आकडे ठीक होते. तरी त्याच्या आवाजात असं काही होतं की मी प्रश्न विचारला नाही. हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर, कूलर, पंप, सगळं एकदम गप्प झालं.

मग पलंग पुढे ओढला.

एक्स्टेंशन बोर्डचं प्लास्टिक मऊ होऊन खाली ओघळलं होतं. कॉम्प्युटरचा प्लग त्यात चिकटून बसला होता. मागची भिंत काळी पडली होती. वरून लोंबणारं चादरीचं टोक तपकिरी होऊन कडक झालं होतं आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर हवेची गादी... प्लास्टिकची. गादीवर अण्णा, ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं.

मी तसाच जमिनीवर बसलो. कार्ड किती तापतंय ते मी सकाळपासून बघत होतो. ते सगळं ज्या बोर्डवर चालू होतं, त्याला हात लावून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अण्णा जागे झाले होते. त्यांनी मान वळवली आणि अडखळत विचारलं, "कोण बोलायलतं रं?"

"संतोष, अण्णा. हेडसेटवर."

"गेला का चाकणवाला? च्या नाय घेतला त्यानं?"

त्यांना वाटत होतं तो घरी आलाय. मी म्हटलं, नंतर येईल. मग संतोषला सांगायला हेडसेट पुन्हा उचलला, तेव्हा लक्षात आलं की कॉम्प्युटर तर बंद आहे. आणि उचलताना वायरही सोबत वर आली. दुसरं टोक मोकळं. सकाळी धूळ काढताना मी ती वायर काढली होती... परत लावलीच नव्हती. गप्पांचं ॲपसुद्धा टेस्टसाठी मीच बंद केलेलं होतं.

अण्णांना मी पुढच्या खोलीत दिवाणावर हलवलं. नंतर संतोषला फोन लावला. बंद. रविवारी त्याची ड्युटी असते आणि त्यांच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, हे मला माहीत होतं. तरीही लावत राहिलो.

संध्याकाळी तो स्वतःच आला. कंपनीच्या कपड्यातच, थेट गेटवरून. दारात उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "अमोल, मला जरा बसू दे. आज लय वंगाळ झालं."

मी पाणी दिलं.

"मी लाइन थांबवली," तो म्हणाला. "जेवणाची सुट्टी झाली, आत आलो, अन् मला वास आला. वायर जळल्याचा. इतका की डोळ्यात पाणी आलं. बाजूच्याला विचारलं, तो म्हनला मला न्हाई येत. पण मला थांबवंना. लाल बटण दाबलं."

भट्टीत माल पट्ट्यावरून सरकत असतो. पट्टा मध्येच थांबला की आतला सगळा माल वाया जातो, हे त्याच्याकडूनच मला माहीत होतं.

"मग?"

"मग काय. मेंटेनन्सवाले आले, पॅनेल उघडलं, सगळं तपासलं. कुठं काय न्हाई. साहेबांनी इचारलं का थांबवली. मी म्हनलं वास आला. ते म्हनले कुणालाच कसा आला न्हाई?" त्याने ग्लास खाली ठेवला. "अन् बाजूचा सांगतोय, की मी बटण दाबताना वरडलो. कुणाला तरी हाक मारली. 'अमोल, बटण बंद कर' म्हनलो म्हनं. आमच्या शिफ्टला अमोल नावाचं कुणीच न्हाई, राव. म्हनून मी सरळ हितं आलो. तू बरा हायेस ना?"

मी त्याला आत नेलं आणि तो बोर्ड दाखवला. भिंत दाखवली. मग माझ्या बाजूचं सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून त्या वितळलेल्या प्लास्टिककडे बघत राहिला. हात लावला नाही. बाहेर आला तेव्हा अण्णांनी मला त्याला चहा पाजल्याशिवाय सोडू नको म्हणून सांगितलं, आणि तो त्यांच्या पायाशी दिवाणावर बसून राहिला, बराच वेळ.

त्याला भट्टीवरून काढलं. आधी पॅकिंगला टाकलं, मग करार संपल्यावर पुढे घेतलं नाही. मी म्हणालो होतो, मी येतो तुझ्या साहेबांकडे, बोर्ड घेऊन येतो, सगळं सांगतो.

"काय सांगशील?" तो म्हणाला. "हेडसेटची वायर काढल्याली हुती, अन् तुमचा माणूस त्यातनं बोलला? त्यांनी मला एकट्याला येडा ठरवलाय. तुलाबी ठरवतील. ऱ्हाऊ दे."

मी गेलो नाही. आता तो दुसऱ्या एका कारखान्यात आहे, बरा चाललाय. गुरुवारी येणं कमी झालंय. कॉम्प्युटर मी विकला नाही, पण कार्ड कंपनीच्या मूळ वेगावरच चालतं. इलेक्ट्रिशियन बोलावून त्याच्यासाठी वेगळी लाइन ओढून घेतली. अण्णा त्यानंतर दोन उन्हाळे होते. नातीला मांडीवर घेतलं त्यांनी, डाव्या हाताने धरून. गेले ते झोपेत, शांतपणे.

मी खूप शोधलं. वाचलं. वास मला नकळत आधीच आला असेल आणि मनाने त्याला ओळखीचा आवाज दिला असेल, असं एका डॉक्टर मित्राने सांगितलं. असेलही. पण मग अण्णांनी काय ऐकलं? आणि तिकडे चाकणला, एवढ्या अंतरावर, संतोषच्या डोळ्यात पाणी कशाने आलं?

अण्णांच्या तेराव्याला संतोष आला होता. पंगती उठल्यावर आम्ही दोघं गच्चीत उभे होतो. मी त्याला विचारलं, नोकरी गेली त्याचं वाईट वाटतं का.

"वाटतं की," तो म्हणाला. मग म्हणाला, "पन त्या दिवशी जरा जरी इचार केला असता ना, तर मी बटण दाबलंच नसतं. अन् तुला हाकबी मारली नसती."