वडोदऱ्याच्या महालक्ष्म्या

इंदू भोईटे महालक्ष्म्यांचे डोळे काढायला बसते तेव्हा दाराला आतून कडी लावते. देवासात आणि आसपास ज्या मराठी घरांत भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्यांतल्या पुष्कळ घरांचे मुखवटे तिच्या हातून रंगून गेले आहेत. हे काम तिच्या सासऱ्यांचं. मुलाला त्यात गोडी नाही असं दिसल्यावर त्यांनी सुनेला शिकवलं. तिचा मुलगा अंकित माझा विद्यार्थी. अक्षर वाईट, स्वभाव सरळ. आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि मराठी वाचताना अजूनही ओळीखाली बोट धरतो.

वैशाखात एका दुपारी दोघं माझ्याकडे आली. इंदूने पिशवीतून एक लिफाफा काढला, पण माझ्या हातात देईना.

"बाई, यात चोरी असं लिहिलंय का, तेवढंच सांगा."

वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगाची नोटीस होती, सोबत तक्रारीची प्रत. तक्रार अल्पना आठले यांची. आठल्यांचं मूळ घर धारचं. नोकरीपायी वडोदऱ्याला गेले तेव्हा महालक्ष्म्याही गेल्या. धारच्या एका नातेवाइकाकडून इंदूचं नाव कळलं म्हणून अल्पनाबाईंनी जुने पितळी मुखवटे रंगवायला कुरियरने पाठवले होते. आता त्यांचं म्हणणं असं, की परत आलेले चेहरे आमचे नाहीत, वजनही कमी भरतं. आमचे जुने मुखवटे ठेवून घेऊन दुसरे पाठवले आहेत. मूळ मुखवटे परत हवेत आणि मनस्तापाची भरपाईही हवी.

"चोरी हा शब्द नाही," मी म्हटलं. "बदलले, असं आहे."

"म्हणजे तेच." ती भिंतीला टेकून बसली.

"बाई, हे लोक तिकडून केस करू शकतात?" अंकितने विचारलं. "आम्ही इथे, ते गुजरातमध्ये!"

करू शकतात. ग्राहकाला आपल्या गावी तक्रार देता येते. जायची गरज नव्हती, सुनावणी मोबाइलवर होणार होती; पण महिन्याभरात लेखी उत्तर द्यायचं होतं. मी विचारलं, काम सुरू करण्याआधीचा फोटो असेल ना? अंकितने आईकडे पाहिलं आणि मान फिरवली.

घडलं होतं ते असं. मुखवट्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर होते. मधे कुणीतरी गालांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ते फुगवले होते. इंदूने सगळं खरवडून पितळ मोकळं केलं. खाली मूळ कारागिराने कोरलेल्या डोळ्यांच्या रेषा सापडल्या, तशीच तिने रंगात नजर काढली. चेहरा बदलला तो त्यामुळे, आणि वजन उतरलं तेही त्यामुळेच.

"हेच लिहू," मी म्हटलं. "खरवडलेला रंग दाखवता येईल."

"तो कुठला, बाई! देवीच्या तोंडावरचा रंग केराच्या डब्यात टाकू? नेमावरला जाऊन नर्मदेत सोडला."

"आणि खरवडताना तरी फोटो?"

"डोळे पुसलेल्या देवीचा फोटो काढतात होय?" ती माझ्यावरच रागावली.

अंकितच्या ओळखीचे उमाशंकर वकील. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "बहनजी, सबूत खुद ही नदी में सिरा आईं आप? नर्मदाजी तो गवाही देने आएंगी नहीं!" मग जरा मऊ आवाजात अंकितला म्हणाले, "देख भिया, कुछ दे-दिलाकर समझौता कर लो. लंबा मत खींचो."

अंकित तयार होता. इंदू नव्हती. "पैसे दिले की मी मुखवटे बदलले असंच ठरलं. मग कोणती बाई आपली महालक्ष्मी माझ्या घरात सोडेल?"

आम्ही जसं झालं तसं उत्तर लिहून पाठवलं. पण बातमी आमच्या टपालाच्या आधी फिरली. आठल्यांच्या धारच्या नातेवाइकाकडून ती तिथल्या मराठी मंडळींत गेली, तिथून देवासात आली. दर वर्षी आषाढात मुखवटे आणून देणाऱ्या एका बाईंनी निरोप धाडला, 'आमचे या वर्षी राहू द्या, रंग बरा आहे अजून.' दुसरीने निरोपही दिला नाही. घरात आलेल्या एका जोडीसमोर इंदू सकाळपासून बसायची आणि कुंचला न भिजवता उठायची. फोन वाजला की आधी अंकितला नंबर वाचायला लावायची.

आयोगाने आधी समेट होतो का पाहू म्हणून श्रावणात मध्यस्थाची बैठक ठेवली. मोबाइल माझ्या टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला. पडद्यावर मध्यस्थ बाई, त्यांच्या शेजारच्या चौकटीत अल्पना आठले. मी मनात भांडकुदळ बाई धरून बसले होते. दिसली ती एक दमलेली, डोळ्यांखाली काळं झालेली सून. तिने दोन्ही मुखवटे कॅमेऱ्यासमोर धरले.

"सांगा इंदूताई, या आमच्या आहेत? मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. माझी महालक्ष्मी मला ओळखू येणार नाही?"

इंदूने रंगाचं, लांबीचं सगळं सांगितलं, पण अडखळत, हिंदी-मराठी एकत्र करत. स्वतःलाही ते खरं वाटू नये असं. अल्पनाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या. मध्यस्थ बाईंनी रकमेचा विषय काढला. अंकित आईच्या कानाशी म्हणाला, "हो म्हण ना, आई. खतम कर."

इंदूने त्याचा हात बाजूला केला. "अल्पनाताई, तुमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या कोण करतं? मुखवटा धरून धडावर बसवतं कोण?"

"सासूबाई. का?"

"त्यांनी बघितले हे?"

पलीकडचे मुखवटे खाली गेले. मग अल्पनाबाई हळू बोलल्या, "त्यांना सांगितलेलंच नाही. त्यांना वाटतंय अजून देवासलाच आहेत. मी पाठवले ना, माझ्या हट्टाने! त्या नको म्हणत होत्या. आता कुठल्या तोंडाने सांगू? त्यांची तब्येतही बरी नसते."

इंदू माझ्याकडे बघू लागली. त्या म्हाताऱ्या बाईंनीही नाही म्हटलं, तर पुढे बोलायला काही उरणार नव्हतं. आणि धक्क्याने त्यांनाच काही झालं तर?

"त्यांच्या हातात द्या," इंदू म्हणाली. "त्या नाही म्हणाल्या तर तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

"आई!" अंकित ओरडलाच.

अल्पनाबाई उठून गेल्या. रिकामी खुर्ची दिसत होती. आतून बोलणं येत होतं, शब्द लागत नव्हते. एकदा कुणाचा तरी आवाज चढला. इंदू पदराचं टोक पिळत होती. मग सुमंगलाबाई आठले काठी टेकत आल्या, सुनेकडे न बघता बसल्या आणि चष्मा शोधत राहिल्या. चष्मा मिळेपर्यंत त्यांनी एक मुखवटा उचलला, नेहमी बसवताना धरत असतील तसा, आतून, पोकळीत पंजा घालून.

"स्स!" त्यांनी बोट बाहेर काढून पाहिलं. "ही धाकटी. मेली अजून टोचते. धारला असताना फुटली होती, कासाराने आतून तुकडा जोडला, त्याची बोच. लग्न झाल्यापासून दर वर्षी रक्त काढते माझं."

"आई, नीट बघा ना. चेहरा बघा," अल्पनाबाई म्हणाल्या.

"चेहरा काय बघू? चेहरे तुम्ही बघता समोर बसून. मी पाठीमागे असते." त्यांनी थोरलीही आतून चाचपली. "आपल्याच आहेत. एवढ्यासाठी कोर्टात गेलीस? मला विचारायचं होतंस."

अल्पनाबाईंनी तोंड पदरात घेतलं. इंदूने टेबलाची कड धरली.

तेवढ्यात चष्मा सापडला. सुमंगलाबाईंनी तो लावला, थोरलीचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला.

"रंगवलं कोणी? तू का गं?"

"हो, आई," इंदू म्हणाली.

"हात चांगला आहे. पण हे डोळे कुणाचे काढलेस? आमची थोरली खाली बघते. ही तर माझ्याकडेच टक लावून बघतेय."

"खाली पितळेत तशाच रेषा होत्या, आई."

"असतील. विचारायचं नाही का? तू हिला विचारलं नाहीस, हिने मला विचारलं नाही. शहाण्या आहात दोघी."

मध्यस्थ बाई हसू दाबत लिहून घेत होत्या. तक्रार मागे घेतल्याचा कागद नंतर आला. मुखवटे बदलले हे म्हणणं गैरसमजाचं होतं, असं वाक्य अल्पनाबाईंनी स्वतः त्यात घालून घेतलं होतं. इंदूने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. अंकितने त्याचा फोटो काढून धारच्या त्या नातेवाइकाला पाठवला. इंदूने नको म्हटलं नाही.

थोरलीचे डोळे इंदू पुन्हा करून देणार आहे, पण सणानंतर. या वर्षी अशीच बसू दे, म्हणाल्या सुमंगलाबाई; बघू तर दे तिला जरा समोर. आठल्यांनी जुन्या सणांचे फोटो पाठवले आहेत. परवा गेले तर इंदू अंकितच्या मोबाइलवर एक फोटो बोटांनी मोठा करून करून पाहत होती. पापणी कुठे वळते ते दिसत नव्हतं.

"आळ गेला, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "पण डोळे चुकले म्हणाल्या ना त्या."