पिवळा टिपका

जवळ ये पोरी. येणं होत नसेल तर निदान हा कागद तरी डोळ्यांजवळ धर. आधी थोडं बोलणार आहे तुला. काल फोनवर किती सहज म्हणालीस, "मावशी, रविवारी गाडी जायचीय, सर सांगतात तर टिपका देऊन टाकते." देऊन टाकते म्हणे. कपाळाला टिकली लावावी तसं. तुझ्या त्या सरांना मी तुझ्याआधीपासून ओळखते. तुला कधी सांगितलं नाही, ही चूक माझी.

विश्रांतवाडीच्या गॅरेजात, सगळ्यांसमोर, तेव्हा तिथं इंजिनिअर असलेल्या तुझ्या ह्या सरानं माझे मातीचे काप चिमटीत उचलले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. म्हणाला, "बाई, दिवाळीचा किल्ला करताय का आपण इथं?"

सगळे हसले. ज्यांना मी पाना धरायला शिकवलं, तेसुद्धा.

मी तिथं डिझेलमध्ये पार्ट धुवायला लागले होते. धुता धुता बघितलं, बघता बघता जुळवायला शिकले. पुढं सगळी इंजिनं मीच जुळवून बंद करायची. तिथली रीत अशी, की जो इंजिन बंद करील त्यानं हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, बोल्टावर पिवळ्या रंगाचा टिपका द्यायचा. टिपका म्हणजे जबान.

ती गाडी शर्यतीची हौस असलेल्या एका साहेबांची. आत नेहमीपेक्षा उंच कॅम बसवलेले. कॅम फिरतो, व्हॉल्व्ह खाली दाबतो. खालून पिस्टन वर येतो. व्हॉल्व्ह-पिस्टनची गाठ पडता कामा नये. या गाडीत कॅम चालता चालता पुढं सरकतो, आणि किती सरकायचं ते कंप्युटर ठरवतो. ह्यानं कंपनीचा कंप्युटर काढून बाहेरचा बसवला आणि त्यात दुसऱ्याच गाडीची फाईल भरली. तिच्यात कॅमला पन्नास अंशांपर्यंत मोकळीक. त्या गाडीत कॅम कंपनीचे, बुटके, तिथं चालून गेलं.

म्हणून मी पिस्टनवर माती थापली. कॅम पुढं सरकवून अडकवला, हेड बसवलं, हातानं इंजिनाचे दोन फेरे दिले, परत खोललं. असं तीनदा, दर वेळी कॅम आणखी पुढं. व्हॉल्व्हनं दाबून उरलेली माती कापली. पंचवीस अंशांना भाकरीएवढी जाड. तिसाला पापड. पस्तिसाला भोक.

"पंचविसाच्या पुढं जाऊ देऊ नका," मी म्हटलं, आणि स्क्रीनवरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला, रुमाल काढला आणि माझं बोट लागलेली जागा पुसली. सावकाश.

"शिक्षण कुठं झालं आपलं?"

"इथंच."

"ते दिसतंच आहे."

मग ते काप, आणि तो किल्ला.

पोरी, माझ्या बोटाला ग्रीस नव्हतं. हात धुवून आले होते मी.

टिपका मी दिला नाही. पण गाडी सोडू नका, असं बोललेही नाही. गाडी त्याच दिवशी तशीच गेली. उभ्या जागी इंजिन छान चालत होतं, कारण तिथं कॅमला फार सरकावं लागत नाही. सगळे खूश.

कात्रजच्या चढावर साहेबांच्या ड्रायव्हरनं पाय दाबला. कॅम पुढं धावला. व्हॉल्व्ह वाकले, इंजिन वळणावरच बंद पडलं, स्टिअरिंग जड झालं, गाडी कठड्यावर. त्या माणसाचा उजवा हात आजही कोपरात सरळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. मालक होते, हा होता. मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहासुद्धा आला. टेबलावर पिवळ्या रंगाची डबी, वर ब्रश.

"तेवढा टिपका राहिला होता आपला," हा म्हणाला. "आज दिलात तरी चालेल."

बघितलंस? आदल्या दिवशी ज्या बोटाचा विटाळ, आज त्याच बोटाची जबान पाहिजे. टिपका माझा, म्हणजे चूक माझी, विषय संपला.

तेव्हा मात्र बोलले. "देणार नाही," म्हटलं. "माती तुम्ही टाकलीत. मी उचलून ठेवलीय." आणि पदराआडचा डबा उघडून तिन्ही काप मालकांपुढं मांडले. पस्तिसाचं भोक दोघांनी बघितलं. संध्याकाळी मला कामावरून काढलं. तो राहिला.

आता तो तुझा सर. आणि तूच सांगतेस, उंच कॅम, बाहेरचा कंप्युटर, फाईल दुसऱ्या गाडीची. माती लावून बघितली का, विचारलं तर हसलीस. म्हणालीस, आता सगळं स्क्रीनवर दिसतं. त्यानं भरलेलंच दिसतं गं स्क्रीनवर. तुझं कौतुकही तो करतो म्हणे. मलाही खुर्ची दिली होती त्यानं.

माझं "नाही" एक दिवस उशिरा निघालं. तो उशीर त्या ड्रायव्हरच्या कोपरात अडकून राहिलाय. आता उशीर नाही. स्वतः मोजल्याशिवाय आपल्या घरातलं कुणी टिपका देणार नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. तू दिलासच, तर रविवारी सकाळी तुमच्या फाटकात गाडीपुढं मी उभी असेन, हा डबा घेऊन. मला बाजूला करायचं तर हात लावावा लागेल त्याला. लावू दे.

पण तशी वेळ आणू नकोस. शनिवारच्या आत घरी ये. माती मळून ठेवते. ब्रश उचलायच्या आधी ये.